उशीची उंची

अकरा हा आकडा डोंगरातल्या हॉटेलवाल्यांना मानवत नाही. चौघं असले तर दोन खोल्या द्यायच्या, वीस असले तर अख्खं हॉटेल देऊन टाकायचं. अकरा जणांचं काय करायचं? किन्नौर आणि स्पितीतल्या घरगुती हॉटेलांत मुळात खोल्याच पाच-सहा. त्यातल्या एकीत मालकाचा मेव्हणा राहत असतो आणि एकीचं छत गळत असतं. उरलेल्यांत एक जोडपं, दोन बायका, दोन घोरणारे पुरुष, त्या घोरणाऱ्यांशेजारी झोपायला साफ नकार देणारे चौघं आणि ‘मला कुठेही चालेल’ म्हणून शेवटी सगळ्यांत जास्त कुरकुरणारा एक, एवढी मंडळी बसवायची.

पुण्याहून निघण्याआधी राहण्याचं खातं माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं हिंदी बरं आहे असा आमच्या मोटरसायकलवाल्या ग्रुपचा समज आहे. मार्ग ठरलेला होता. चंदीगडपर्यंत गाड्या ट्रान्सपोर्टने पाठवायच्या, तिथून शिमला, कल्पा, नाको, ताबो, काझा, आणि कुंझुम खिंड ओलांडून मनाली. सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडला, कारण तेव्हा दरडी कमी झालेल्या असतात आणि उन्हाळी पर्यटकांची गर्दी ओसरलेली असते. किन्नौरात मात्र हा सफरचंदाचा हंगाम. व्यापारी, ट्रकवाले, पेट्या भरणारे मजूर, सगळ्यांनाच रात्री पाठ टेकायला जागा लागते, आणि ती सगळी माणसं आपल्या आधी पोचलेली असतात.

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: “कितने आदमी?” दुसरा: “कौनसी गाड़ी?” टेम्पो ट्रॅव्हलर म्हटलं असतं तर आवाज गोड झाला असता. ‘बाइक’ म्हटलं की पलीकडे माणूस थोडा थांबायचा. एका मालकाने तर विचारलं, “मॅडम, हसबैंड का ग्रुप है?”

“नहीं जी, मेरा ही है.”

“अच्छा. साइलेंसर कंपनी का है ना?”

मला त्यांचा राग येत नाही. मोटरसायकलवाल्यांनी आपली कीर्ती स्वतःच्या हातांनी कमावलेली आहे. रात्री अकराला अंगणात बुलेट रेस करणारे आपलेच. पांढऱ्या टॉवेलने चेन पुसून तो तसाच घडी घालून ठेवणारे आपलेच. चिखलाचे बूट घालून रजईवर आडवे होणारेही आपलेच. म्हणून मी फोनवर आधीच सांगून टाकायचे: जुनी फडकी आम्ही बरोबर आणतो, बूट दाराबाहेर काढतो, नऊनंतर इंजिन सुरू करत नाही. या तीन वाक्यांनी जेवढ्या खोल्या मिळवून दिल्या तेवढ्या ॲडव्हान्सने मिळवून दिल्या नाहीत.

शिमल्याकडून शिरायचं की मनालीकडून, हे आमच्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. त्यांनी नकाशावर अंतरं खोडली आणि प्रत्येक मुक्कामापुढे फक्त उंची लिहिली. मनाली साधारण २०५० मीटर. तिथून बरेच जण एका दिवसात चंद्रतालला जातात; ते ४२०० च्याही वर. म्हणजे एका दिवसात आपली उशी दोन हजार मीटर वर उचलायची आणि मग रात्रभर डोकं धरून बसायचं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच असू नये, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम. दिवसा खिंडीत कितीही वर जा, झोपायला खाली या. शिमल्याकडून गेलं की हे बरंचसं आपोआप जमतं: शिमला २२००, कल्पा २९६०, नाको ३६५० च्या पुढे, ताबो परत खाली ३२८०, मग काझा, मग ४००० च्या पुढचं लोसर. कल्पा ते नाको एवढीच उडी नियमाबाहेरची, म्हणून कल्प्याला दोन रात्री. त्यानंतर ग्रुपमध्ये कोणी ‘पुढचं हॉटेल कसं आहे?’ विचारलं की बाई म्हणायच्या, “हॉटेल जाऊ दे. उशी कितीवर आहे ते सांग.”

माझी स्वतःची यादी जमिनीवरची होती. खोली बघण्याआधी मी अंगण बघते. नऊ गाड्या उभ्या राहतील एवढी सपाट जागा हवी. उतार असला तर रात्रीतून एक गाडी कलंडते आणि शेजारच्या चारांना घेऊन जाते. माती भुसभुशीत असली तर साइड स्टँडखाली ठेवायला चपटे दगड हवेत. सकाळचं ऊन अंगणात किती वाजता पोचतं हेही विचारून घ्यावं, कारण थंडीने आखडलेली बॅटरी सावलीत फार नखरे करते. खोल्या तळमजल्यावर असतील तर देव पावला. दिवसभर दगडधोंड्यांतून गाडी हाकल्यावर सॅडलबॅगा सोडून, बंजीचे हूक सोडवून, ते सगळं धूड तिसऱ्या मजल्यावर चढवायचं आणि पहाटे परत उतरवायचं, यातच माणसाचा निम्मा उत्साह संपतो.

आणि मान वर करून डोंगर बघायचा. २५ जुलै २०२१ ला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून दगड कोसळले आणि नऊ पर्यटक गेले. त्याच वर्षी ११ ऑगस्टला निगुलसरीला हमरस्त्यावर दरड आली. एसटीसारखीच तिकडची सरकारी बस आणि इतर वाहनं तिच्याखाली सापडली, २८ माणसं गेली. किन्नौरात फिरताना ही दोन नावं स्थानिक माणूस आवाज खाली आणून घेतो. तेव्हा नदीकाठची, नाल्याच्या तोंडावरची, ‘खिडकीतून पाण्याचा खळखळाट’ अशी जाहिरात असलेली जागा कितीही देखणी असली तरी मी घेत नाही. तो खळखळाट एखाद्या रात्री खिडकीतून आत येतो.

कल्प्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे सगळं सुरळीत झालं. समोर किन्नर कैलास, अंगणात लाल सफरचंदांनी वाकलेली झाडं. दर्शनी खिडकीच्या दोनच खोल्या होत्या, त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. त्या दोन्ही घोरणाऱ्यांना लागल्या. ते पडदे ओढून झोपले.

या बाजूला मुक्कामाची सोय जुनी आहे. हिंदुस्तान-तिबेट रस्त्याचं काम लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये सुरू झालं, आणि त्या वाटेवर साहेबांसाठी मजलदरमजल विश्रामबंगले उभे राहिले. कल्पा तेव्हा चिनी या नावाने ओळखलं जायचं आणि खुद्द डलहौसी तिथे येऊन राहिला होता. आजही या भागात बांधकाम खात्याची रेस्ट हाउसं आहेत. खोल्या ऐसपैस, जागा मोक्याच्या. पण कुठल्याही क्षणी एखादा साहेब दौऱ्यावर येतो आणि आपलं बुकिंग संपतं. अकरा माणसांनी त्यांच्या भरवशावर राहू नये, एवढंच माझं मत.

नाकोला मात्र सगळं फिसकटलं. खाब गावाशी स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता वळणावळणांनी उघड्याबोडक्या डोंगरावर चढत नाकोला जातो. आम्ही पोचलो तेव्हा ऊन शेंड्यांवर गेलं होतं आणि ज्या हॉटेलात पाच खोल्या सांगून ठेवल्या होत्या त्याच्या दारात दोन टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या होत्या. पोऱ्या म्हणाला, मालक पियो गावाला गेलेत. मालकाचा फोन लागेना. आमच्या खोल्यांत आमच्याआधी पोचलेल्या एका मोठ्या कुटुंबाची आजी रजई पांघरून बसली होती. आता आजीला उठवायचं का? आमच्या ग्रुपमधले दादा तावातावाने पुढे गेले होते, आजीला बघून “नमस्ते माताजी” म्हणून परत आले.

ताबो साठेक किलोमीटर पुढे आणि चारशे मीटर खाली. डॉक्टरीणबाईंचा जीव तिकडे ओढत होता, कारण नाकोची उशी त्यांना आधीपासूनच खुपत होती. पण अंधारात तो रस्ता करायचा नाही यावर कोणाचं दुमत नव्हतं. वाटेत मलिंगचा पट्टा आहे, जिथे डोंगर वर्षानुवर्षं सरकतोय. दिवसा तिथून जाताना निदान वरून काय येतंय ते दिसतं.

गाड्या तिथेच लावून आम्ही चालत गावात शिरलो. नाको हे तळ्याभोवती वसलेलं गाव, काठाला विलोची झाडं, दगडमातीच्या भिंतींमधून जेमतेम एक गाय जाईल एवढे बोळ. तळ्याशी पाण्याचे डबे घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंना विचारलं. त्यांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “ग्यारह इकट्ठे सोना ज़रूरी है क्या?”

त्या प्रश्नाने संध्याकाळ सोपी झाली. इतके आठवडे मी अकरा जणांना एका छपराखाली आणायची खटपट करत होते. गावाला त्याची गरजच नव्हती. बाईंनी बोळातून दोन हाका मारल्या. चौघं त्यांच्या घरी, चौघं जावेच्या घरी, तिघं पलीकडच्या एका म्हाताऱ्या लामाजींच्या भावाकडे. माणशी दर तिन्ही घरांचा एकच, जेवणासकट. तो कोणी कोणाला विचारून ठरवला असंही दिसलं नाही. घोरणाऱ्यांना लामाजींच्या भावाकडे पाठवलं. त्या भावाला कमी ऐकू यायचं.

पुढच्या प्रवासात मी हीच रीत धरली. गावात शिरायचं आणि अकरा खोल्या-बिछान्यांची भीक न मागता ‘तीन-चार जणांना कोण ठेवेल?’ असं विचारायचं. घरात तेवढी जागा असतेच. जेवायला मात्र सगळे एका ठिकाणी, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोण किती वाजता निघणार यावरून भांडणं होतात.

ताबोला मठाच्याच अतिथिगृहात उतरलो. मठाची स्थापना ९९६ मधली. बाहेरून मातीच्या साध्या पेटाऱ्यांसारखी मंदिरं, आत भिंती चित्रांनी आणि मातीच्या मूर्तींनी भरलेल्या. ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात त्याला. अजिंठ्याच्या मुलखातले असल्याने आमच्यातल्या दोघांनी उगाचच यजमानासारखा चेहरा केला. आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती उत्तम गोष्ट आहे. माणसं चक्क भिंतींकडे बघत होती. रात्री साध्या खोल्या, गार पाणी, नऊच्या आत सामसूम. आमचा नऊनंतर इंजिन बंदचा नियम सांगायची गरजही पडली नाही.

काझ्याला सगळं मिळतं. पेट्रोल पंप, गॅरेज, कॉफी, पिझ्झा, आणि पुण्याच्या पाट्या लावलेल्या गाड्या. म्हणून तिथलं राहणं लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते चहाच्या दुकानात ऐकलेलं. वरच्या अंगाला डेमुल नावाचं गाव आहे, तिथे पाहुणे कुठल्या घरी उतरणार हे पाहुणे ठरवत नाहीत. घरांच्या पाळ्या लागलेल्या असतात. आज या घराची पाळी, उद्या त्या. त्यामुळे रस्त्यालगतच्या घराने फलक लावून सगळी गिऱ्हाइकं ओढायची आणि मागच्या घराने बघत बसायचं, असं होत नाही. इंटरनेटवरच्या चांदण्या मोजून जागा निवडणाऱ्या आमच्या धाकट्याला हे पटेना. “मग वाईट घर लागलं तर?” त्याने विचारलं. दुकानदार म्हणाला, “तो खाना पड़ोस से आ जाएगा.”

काझ्याहून लोसरऐवजी चंद्रतालच्या तंबूंचा ॲडव्हान्स भरून आम्ही निघालो. पूर्वी तळ्याच्या काठावरच तंबू लागायचे. आता काठावर मनाई आहे, छावण्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात. हंसा गावाच्या पुढे पावसात गारा मिसळल्या. लोसरला पोलीस चौकीवर नोंद करायला थांबलो तेव्हा हातमोजे पिळून पाणी निघत होतं. चौकीवरचे म्हणाले, वर कुंझुमला बर्फ पडतंय, थांबलात तर बरं.

‘थांबलात तर बरं’ ही मनाई नव्हे, म्हणून तिथेच परिसंवाद भरला. खिंड जेमतेम वीस किलोमीटर. धाकट्याचं म्हणणं, पैसे भरलेत, गरम जेवण वाट बघतंय, तासाभरात पलीकडे. दादांचंही तेच, फक्त आवाज मोठा. तेवढ्यात आमचे काका बोलले. काका बँकेतून निवृत्त झालेले, वयाने सगळ्यांत मोठे आणि ग्रुपचे खजिनदार. त्यांनी जुलै २०२३ ची गोष्ट काढली. ऐन उन्हाळ्यात बर्फ पडून चंद्रतालच्या छावण्यांत तीनशेच्या आसपास पर्यटक अडकले होते. बर्फ कापत रस्ता मोकळा करून त्यांना बाहेर काढायला दिवस लागले. “तंबू चांगलेच असतील,” काका म्हणाले, “पण त्या मुक्कामाला दार एकच आहे आणि त्याची किल्ली आभाळाकडे. इथे लोसरला मागे काझ्याला जाता येतं. भरलेले पैसे मी बुडीत खाती टाकतो.” बँकेच्या माणसाने बुडीत म्हटल्यावर वाद संपतो.

चौकीपासून तिसऱ्या घरी जागा मिळाली. पांढऱ्या भिंती, सपाट छपरावर चारा आणि सरपण रचलेलं. घरात आजी, त्यांची सून आणि शाळकरी नातू. इथे मात्र विभागणी नको म्हणाल्या आजी: सरपण एकाच तंदूरला पुरेल, सगळे एकाच खोलीत या. तिकडे तंदूर म्हणतात तो आपला रोट्यांचा नव्हे. खोलीच्या मधोमध लोखंडी पेटी, तिच्यात लाकडं आणि शेणी, धुराचं नळकांडं छपरातून बाहेर. भिंतींच्या कडेने गाद्या आणि गालिचे. तंदूरभोवती आमचे बावीस बूट मांडले गेले. अर्ध्या तासात जो वास सुटला त्याचं वर्णन मी करणार नाही, पण सुनेने न बोलता खिडकी उघडली आणि सासूबाईंनी न बोलता ती लावली.

शौचालय कोरडं, वरच्या मजल्यावर. जमिनीत एक चौकोनी भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती. वर्षभर साठलेलं खत शेतात जातं. नळ गोठतात अशा ठिकाणी याहून शहाणी व्यवस्था दुसरी नसावी, पण आमच्यात चेहरे पडले होते. काका तेवढे निवांत. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात सोनखताच्या गाड्या निघायच्या.

जेवणाला वेळ होता. भूक मात्र थांबायला तयार नव्हती. काकांनी बॅगेतून थालीपिठाची भाजणी काढली. बायकोने दिलेली, प्रवासभर कोणाला हात लावू दिला नव्हता. आजींनी चिमूटभर तोंडात टाकली, मान हलवली आणि आतून डबा आणून समोर ठेवला. जव भाजून दळलेलं पीठ. त्यांनी ते खारट लोण्याच्या चहात कालवून काकांना दिलं. मग तंदूरच्या तापलेल्या पत्र्यावर, तव्याशिवाय, काकांनी थालीपिठं लावायला घेतली. पहिलं चिकटलं. दुसऱ्याला आजींनी पीठ हातात घेतलं, जवाचं थोडं मिसळलं, आणि ते पत्र्यावरून अलगद सुटलं. त्यानंतर काका लाटीपुरते उरले. नातवाने चार खाल्ली.

रात्री अकरा माणसं एका खोलीत झोपली. घोरणारे दोघं दोन टोकांना ठेवले होते. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून आकडे लिहून घेतले, कारण ही उशी आजवरची सगळ्यांत उंच होती. कोणाचं डोकं दुखलं नाही. ग्रुपमधल्या वहिनींचं म्हणणं, डोकं दुखायला आधी झोप तुटावी लागते.

सकाळी छपरांवर हातभर नाही, पण चांगलं वीतभर बर्फ होतं. नऊच्या सुमाराला वरून पहिला ट्रक उतरला, त्याच्या चाकांना चेन होत्या. ड्रायव्हर म्हणाला, दुपारपर्यंत उन्हाने सुटेल. गाड्या उन्हात ओढल्या. आठ सुरू झाल्या, नववी नातवाने आणि धाकट्याने गल्लीच्या उतारावर ढकलत नेली तेव्हा कुठे खोकली.

मग हिशेब. काका वही घेऊन बसले. आजींनी बोटांवर मोजलं आणि दहा जणांचे पैसे सांगितले. काकांनी दुरुस्ती केली: अकरा. आजी म्हणाल्या, दहाच. तुम्ही स्वयंपाक केलात, स्वयंपाक करणाऱ्याचे पैसे नसतात. काकांनी सांगितलं की त्यांनी एकच थालीपीठ केलं आणि तेही चिकटलं. आजी ऐकेनात. काका म्हणाले, असा हिशेब जुळत नाही, माझी वही कशी बंद होणार? दोघांचंही हिंदी तुटपुंजं, त्यामुळे वाद लांबत गेला आणि मजेत चालला. बाहेर इंजिनं तापत होती. शेवटी काकांनी अकराव्याचे पैसे गादीखाली सारले. आजींनी ते लगेच काढले, आत गेल्या आणि काळ्या वाटाण्याची मोठी पिशवी आणून काकांच्या हातात कोंबली.

काकांनी पिशवी हातात तोलली, वही पुन्हा उघडली आणि जमेच्या बाजूला लिहिलं: ‘वाटाणे, अंदाजे दीड किलो.’